जुन्या चाकूंचा संग्रह: संदर्भाला कोणती पुस्तकं ठेवावीत, आणि मुळात ठेवावीत का?

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायचं धाडस करतेय.

जुने घडीचे चाकू जमवायचा नाद लागलाय. संग्रह म्हणावा इतकं अजून काही नाही, इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावचे काही, एक जर्मन, दोन अमेरिकन. पण चाकू हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, हा कोणाचा आणि कधीचा? विकणारा काहीतरी ठोकून देतो, नेटवर शोधलं तर दहा जण दहा सालं सांगतात आणि त्यातल्या निम्म्यांनी एकमेकांचंच उतरवलेलं असतं. म्हणून म्हटलं नीट एक संदर्भाचं कपाट उभं करावं. एकदम ढीग नकोय, जागाही नाही आणि बजेटही.

तर सुरुवात कुठून करू? सगळ्या जगाचे चाकू कोंबलेलं एखादं जाडजूड प्राइस गाइड घ्यावं की एकेका गावावरची, एकेका कंपनीवरची पुस्तकं? जुने कॅटलॉग खरंच लागतात का? की सगळं ऑनलाइन असताना कागदाचा सोस कशाला?

उदाहरण म्हणून माझ्याकडचा एक सांगते. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉस, जोसेफ रॉजर्स या शेफिल्डच्या कंपनीचं नाव, आणि मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर. विकणाऱ्याने १८५० चा म्हणून दिला. हे खरं की थाप, हे कुठल्या पुस्तकात बघायचं?

खडूस_काका

पुस्तकं घेऊ नका, चाकू घ्या. भरपूर चाकू हाताळले की बोटांना आपोआप कळायला लागतं. आम्ही काय पुस्तकं वाचून शिकलो?

चिकटपट्टी

काका आले, म्हणजे धागा शंभरी गाठणार. कोपऱ्यातली खुर्ची पकडून बसलोय.

पातेपुराण

निळीशाई, धागा छान. काकांशी अर्धा सहमत आहे, उरलेला अर्धा खाली लिहितो, लांबलंय, सांभाळून घ्या.

तुमच्याच चाकूपासून सुरू करू. तारा रॉजर्सला मिळाला १६८२ मध्ये आणि माल्टीज क्रॉस १७६४ मध्ये. म्हणजे तारा-क्रॉस बघून 'हा रॉजर्सचा' एवढंच कळतं, सालाच्या बाबतीत तो ठसा जवळजवळ मुका आहे, कारण दोनशे वर्षं तोच चालू होता. १९७१ मध्ये रॉजर्स आणि शेफिल्डचीच दुसरी कंपनी वोस्टनहोम एकत्र आल्या तरी मार्क, म्हणजे पात्यावरचे हे ठसे, पुढे वापरात राहिलेच. व्ही आणि आर म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. आता चौसष्ट वर्षांतलं कुठलंही साल विकणाऱ्याने उचललं तरी त्याला खोटं पाडता येत नाही, आणि हीच तर त्याची सोय. बरं, राणी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे ठसे भट्टीत टाकले असंही कोणी धरू नये.

म्हणजे मार्कांचं पुस्तक हे कपाटातलं फक्त पहिलं पुस्तक झालं. ते 'कोणाचा' सांगतं. 'कधीचा' हे बहुतेक वेळा मार्कात नसतंच, ते कायदे, साहित्य, पेटंट, पत्ते यांत असतं. दोनतीन दाखले देतो.

अमेरिकेचा १८९० चा मॅकिन्ली टॅरिफ कायदा. त्यानंतर तिकडे आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं, अंमल १८९१ पासून. म्हणून शेफिल्डच्या चाकूवर 'इंग्लंड' किंवा जर्मन चाकूवर 'जर्मनी' दिसलं की बहुधा आपण १८९१ च्या अलीकडे आहोत. पण उलटं चालत नाही हां. 'इंग्लंड' नाही म्हणजे १८९१ च्या आधीचा, असं लोक सर्रास म्हणतात आणि ते चूक आहे, कारण तो कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालाचा. तोच कारखाना घरच्या किंवा इतर बाजारासाठी देशाचं नाव न घालता खुशाल माल काढत होता.

पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर १९१३ च्या आधीचा असणं शक्य नाही, हॅरी ब्रिअर्लीचं शेफिल्डमधलं स्टेनलेस पोलादाचं काम त्या सालचं. 'आरडी नंबर' असा नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ किंवा नंतरचा, त्याआधी १८४२ ते १८८३ मध्ये हिऱ्याच्या आकाराचं नोंदणीचिन्ह वापरत. जर्मन चाकूवर डी.आर.जी.एम. ही तिकडच्या नोंदणीची अक्षरं असतील तर १८९१ किंवा नंतरचा.

यातलं काहीच चाकूंच्या पुस्तकात शोधायची गरज नाही. एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. जाड पुस्तकाआधी हा कागद जास्त कामाला येतो.

मेघवर्षा

पातेपुराण यांना +१. माल्टीज क्रॉसवरून आठवलं, नुसता क्रॉस किंवा नुसता तारा बघून 'रॉजर्स रॉजर्स' करणारे पण असतात, मार्कात काय काय एकत्र आहे ते बघावं लागतं. शेफिल्डमध्ये मार्क देणारी संस्था होती, कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर, १६२४ च्या पार्लमेंटच्या कायद्याने झालेली. मार्क ही मालमत्ता होती, वारशाने जायची, विकली जायची, भाड्याने पण दिली जायची. वोस्टनहोमचा प्रसिद्ध आय-एक्सएल घ्या. तो मार्क मुळात १७८७ मध्ये दुसऱ्याच कारागिराला मिळालेला, वोस्टनहोमकडे आला नंतर. त्यामुळे 'मार्क १७८७ चा म्हणजे चाकू १७८७ चा' म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये, निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

मूळ प्रश्नावर माझं मत: शेफिल्डपुरतं बघायचं असेल तर जेफ्री ट्वीडेल यांची डिरेक्टरी घ्या, १७४० पासूनच्या उत्पादकांची. नुसती नावं नाहीत, कोण कुठे होता, भागीदार कधी बदलले, दुकान कधी बंद झालं, असं सगळं आहे. साल ठरवायला तेच लागतं. पुस्तक मोठं आहे, उशाशी घेऊन झोपता येत नाही, बाकी तक्रार नाही.

सुमंत

शेफिल्डवाल्यांनी धागा पळवला, अमेरिकन चाकूंबद्दल कोणीतरी बोला. ठीक आहे, मीच बोलतो.

अमेरिकन खिशातल्या चाकूंना बर्नार्ड लेव्हाइन यांचं गाइड. पहिली आवृत्ती १९८५ ची, चौथी १९९७ ची. नावात किमती असल्या तरी किमतींसाठी घेऊ नका, त्या केव्हाच शिळ्या झाल्या. पुस्तकाचा जीव आहे तो नमुन्यांच्या वर्गवारीत, बार्लो कशाला म्हणायचं, काँग्रेस कशाला, कनू कशाला, स्टॉकमन कशाला. एकदा ते डोक्यात बसलं की लिलावाच्या यादीतलं वर्णन वाचूनच अर्धा चाकू डोळ्यासमोर येतो.

दुसरं गॉइन्स यांचा कटलरी मार्कांचा कोश. नुसती यादी, कोरडी ठणठणीत, पण टेबलावर पडलेला असावा.

आणि केस या अमेरिकन कंपनीचे चाकू असतील तर पुस्तक नसलं तरी चालेल, इतकी सोपी पद्धत आहे. १९७० पासून त्यांनी बुडाच्या ठशाखाली ठिपके घातले. १९७० ला दहा, मग दर वर्षी एक कमी. १९८० ला परत दहा ठिपके, पण त्या वेळी नावातला 'एस' विजेसारखा तिरका केला, म्हणून दोन दशकांत घोळ होत नाही. सगळ्या कंपन्यांनी असं केलं असतं तर हा धागा निघालाच नसता.

चिकटपट्टी

आणि आपल्याला दुसरं काम शोधावं लागलं असतं.

रानवारा

किमतींबद्दल सुमंतशी असहमत. जुनं प्राइस गाइड टाकाऊ नसतं. एकाच गाइडच्या लांब अंतरावरच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की कुठला नमुना दुर्मीळ समजला जात होता आणि नंतर ढिगाने बाहेर आला हे दिसतं. अचानक ढिगाने बाहेर आला की समजावं, कुठेतरी कोणीतरी कारखाना उघडलाय :)

आता माझा मुद्दा, कागद कशाला? जुन्या शहर डिरेक्टऱ्या, व्यापारी कॅटलॉग, पेटंट, यातलं किती तरी स्कॅन होऊन फुकट पडलंय. लीस्टर विद्यापीठाने इंग्लंड-वेल्सच्या जुन्या डिरेक्टऱ्या ऑनलाइन ठेवल्यात. अमेरिकन पेटंट तर नंबर टाकला की चित्रासकट समोर. चाकूवर पेटंट नंबर असेल तर पुस्तकाआधी तिथे जा. फक्त एक लक्षात ठेवा, पेटंटचं साल म्हणजे त्याच्या आधीचा नाही एवढंच. पेटंट मिळाल्यावर तोच चाकू कितीही वर्षं निघत राहू शकतो.

आणि स्कॅनचा सगळ्यात मोठा फायदा सांगतो. ठसा झिजलेला असतो, पहिली अक्षरं गेलेली असतात. 'वोस्टनहोम' मधलं नुसतं 'टनहो' उरलंय. छापील कोशात पहिलं अक्षर नसेल तर उघडायचा कुठे? स्कॅन केलेल्या डिरेक्टरीत मधली चार अक्षरं टाकून शोधता येतं. झिजलेल्या ठशाला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

मेघवर्षा

@रानवारा, मान्य, पण जिथे मजकूर आहे तिथेच. शेफिल्डचं स्मिथचं १८१६ चं चित्रांचं पुस्तक घ्या, त्याला सगळे 'स्मिथ्स की' म्हणतात. त्यात पानंच्या पानं कोरीव चित्रं आहेत, कात्र्या, चाकू, वस्तरे, हत्यारं. तिथे शोधखिडकीत काय टाकणार? तिथे पानं उलटायलाच लागतात, आणि स्क्रीनवर पानं उलटताना डोळ्याला तुलना जमत नाही. छापील प्रत उघडी ठेवून शेजारी चाकू ठेवायचा, बोल्स्टरचा, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याचा, उतार बघायचा, पात्याचं टोक बघायचं, हे काम टेबलावरच होतं.

उलट १७८७ ची गेल्स अँड मार्टिनची शेफिल्ड डिरेक्टरी. तिच्यात कारागिरांच्या नावासमोर त्यांचे मार्क छापलेत. ती स्कॅन असली तरी चालते, कारण नावावरून जाता येतं. पण मार्कावरून नावाकडे जायचं असेल तर परत पानं उलटा! त्यामुळे कागद की स्क्रीन हा वादच मला पटत नाही, कुठला प्रश्न विचारताय त्यावर आहे.

खडूस_काका

एवढं लांब लिहिलंत सगळ्यांनी पण एकाने विचारलं नाही की चाकू मूळचा आहे का. पुस्तकात ठसा सापडला की लोक नाचतात. अरे ठसा खरा, पातं खरं, आणि मूठ दुसऱ्याच चाकूची असेल तर?

निळीशाई, लिहून घ्या. आधी सगळी पाती उघडा. प्रत्येक पात्याच्या बुडाला काय आहे ते वेगवेगळं बघा. मोठ्या पात्यावर मोठं नाव आणि छोट्यावर भलतंच असेल तर तिथेच थांबा. मग पातं बंद करताना आवाज ऐका, जुनी चांगली स्प्रिंग पातं ओढून घेते आणि टक् करून बसवते. मग पिना बघा. मुठीच्या पट्ट्या कधी काढल्या असतील तर पिनेच्या टोकाभोवती बारीक खड्डे, हातोडीचे डाग, किंवा पट्टीला पिनेपासून निघालेली केसाएवढी तडा दिसते. मग बोल्स्टर आणि लायनर (मुठीच्या आतली धातूची पट्टी) यांच्यामधली रेघ. ती एकसारखी असायला हवी. मग धार. दगडावर घासून घासून पातं अर्धं झालेलं असतं आणि माणूस म्हणतो 'नाजूक नमुना आहे'. नाजूक कसला, कुपोषित आहे.

यातलं कुठलं पुस्तक सांगतं?

पातेपुराण

काका, हे सगळं खरं, पण 'पातं अर्धं झालंय' हे ठरवायला पूर्ण पातं कसं होतं ते माहीत लागतं ना? तिथेच कॅटलॉग लागतो. कारखान्याच्या किंवा हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याच्या जुन्या कॅटलॉगमधलं चित्र म्हणजे चाकू नवा असताना कसा होता त्याचा पुरावा. टोक कुठपर्यंत जात होतं, नख अडकवायची खाच किती लांब होती, मुठीवरची ढालीच्या आकाराची चकती कुठल्या घाटाची होती. तुमच्या चाकूवर दुसऱ्याच घाटाची चकती असेल तर एकतर तो दुसऱ्या वर्षाचा किंवा कोणीतरी हात मारलाय.

म्हणून माझं म्हणणं, निळीशाईंच्या प्राइस गाइडच्या जागी मी कॅटलॉगचं पुनर्मुद्रण ठेवीन. सीअर्स या अमेरिकन दुकानाच्या जुन्या कॅटलॉगांची पुनर्मुद्रणं मिळतात, त्यात चाकूंची पानं आहेत. कॅटलॉग खोटं बोलत नाही असं नाही, चित्रांचे जुनेच ब्लॉक वर्षानुवर्षं छापलेले असतात, पण तो संग्राहकांसाठी लिहिलेला नसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर माझा जास्त विश्वास.

सुमंत

काकांनी मोडतोडीचा विषय काढलाच आहे तर रेमिंग्टनचे 'बुलेट' चाकू. मुठीवर गोळीच्या आकाराची चकती. मूळ कंपनीने खिशातले चाकू साधारण १९२० ते १९४० या काळात काढले, आणि १९८२ पासून बुलेट चाकूंची नवी पुनर्निर्मिती सुरू झाली, अगदी अधिकृत, बनावट नाही. पण ती नवी असताना ठीक. खिशात काही वर्षं फिरली, जरा गंजली, की विकणाऱ्याला आपोआप 'आजोबांची' आठवण येते. नवीन पुनर्निर्मितीची यादीही कपाटात हवी, ती कोणी ठेवत नाही. जुन्याची माहिती असून भागत नाही, जुन्यासारख्या नव्याची पण हवी.

कट्यार_वाला

मधेच घुसतोय. घडीचे चाकू माझा प्रांत नाही, पण संदर्भग्रंथांचं विचारलंय म्हणून. कोणाला पेशकब्ज, बिछवा, खंजीर अशा गोष्टींकडे वळायचं असेल तर ठशांचं शास्त्र फारसं उपयोगी नाही, बऱ्याच पात्यांवर ठसा नसतोच. तिथे घाट, मुठीची बांधणी आणि पोलादाचं पोत बघायचं. एगर्टन यांचं भारतीय शस्त्रांचं सचित्र पुस्तक १८८० चं आहे, आणि स्टोन यांचा शस्त्रांचा कोश १९३४ चा. दोन्ही जुनी, दोन्हींमध्ये काही नावं आणि गावं आता कोणी मानत नाही, तरी पाया तिथेच आहे. आणि संग्रहालयांचे कॅटलॉग, कारण त्यात वस्तू कधी आणि कुठून आली याची नोंद असते. ती नोंद असलेली एक वस्तू, नोंद नसलेल्या पन्नास वस्तूंपेक्षा जास्त शिकवते.

चालू द्या.

चिकटपट्टी

अवांतर: प्रोफाइलवर कट्यारीचा फोटो आणि सही 'काळजात घुसते'. या माणसापासून जरा लांब बसा.

निळीशाई

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून तो रॉजर्स परत काढला. बुडाच्या मागच्या बाजूला काळी घट्ट घाण होती, लाकडी टूथपिकला तेलाचा थेंब लावून हळूहळू काढली, आणि दिवा अगदी आडवा धरला, पात्याला जवळजवळ टेकवून. समोरून उजेड टाकला की काही दिसत नव्हतं, आडव्या उजेडात अक्षरांच्या कडांना सावली पडली आणि चक्क 'इंग्लंड' वाचता आलं. 'डी' अर्धाच आहे पण बाकी स्वच्छ.

म्हणजे १८५० गेलं ना? दोन्ही पात्यांवर नाव तेच आहे, काकांच्या परीक्षेत तिथवर पास.

मेघवर्षा

वा! हे वाचून मजा आली. व्ही-आर अधिक इंग्लंड म्हणजे १८९१ ते १९०१ च्या आसपासची खिडकी, दोन्ही टोकं जरा सैल धरून. कायद्याने तो शब्द सक्तीचा झाला, त्याआधी कोणी लिहिलाच नसेल असं नाही. पण १८५० म्हणायला आता आधार काही उरला नाही. विकणाऱ्याने मागची बाजू बघितली नसेल, किंवा बघितली असेल म्हणूनच घाण राहू दिली असेल.

खडूस_काका

टूथपिक आणि तेल, बरोबर केलंत. पॉलिशच्या चाकाला लावला असतात तर आता ठसा पण नसता आणि धागा पण. पुस्तकात मिळालं का हे? नाही. तुमच्या हातात मिळालं. माझा मुद्दा सिद्ध.

पातेपुराण

काका, 'इंग्लंड' शब्दाचा अर्थ काय लावायचा हे तुमच्या बोटांनी सांगितलं की १८९० च्या कायद्याने? बरोबरीत सोडवू.

खडूस_काका

बरोबरी मान्य. मी पुस्तकांच्या विरोधात आहे असं समजू नका, माझ्याकडेही आहेत, पण त्यातलं सगळ्यात झिजलेलं माझी स्वतःची वही आहे. प्रत्येक चाकूला एक पान. ठसा पेन्सिलीने पातळ कागदावर घासून घेतलेला, दोन्ही बाजूंचा. बंद असतानाची लांबी, पात्यांची संख्या, मूठ कशाची, पिना किती, काय दुरुस्त केलेलं वाटतं, आणि तसं का वाटतं. 'का वाटतं' ही ओळ कोणी लिहीत नाही. काही वर्षांनी मत बदललं की तीच ओळ लागते.

आणि हो, सेल्युलॉइडची मूठ असलेले चाकू पुस्तकांच्या कपाटात ठेवू नका. रंगीबेरंगी, मोत्यासारखी चमकणारी, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी मूठ, जुन्या चाकूंना भरपूर असते. ते रसायन कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं. आधी कापरासारखा वास, मग पिनेभोवती हिरवट डाग, मग त्याच्याच पात्यावर गंज, मग शेजारच्या चाकूवर. कागदही पिवळा पडून ठिसूळ होतो. एक कुजका चाकू अख्खा खण खातो, नासक्या आंब्यासारखा. वेगळा, हवेशीर ठेवायचा आणि अधूनमधून वास घ्यायचा. कातडी म्यानात किंवा पाकिटातही जुना चाकू ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि पितळ हिरवं होतं.

रानवारा

काकांचा हा प्रतिसाद वेगळा काढून चिकटवायला हवा. वाचनखूण साठवली.

वहीबद्दल एकच जोड, फोटो पण घ्या आणि फाईलला नाव देताना ठशातली जी अक्षरं वाचता येतात ती जशीच्या तशी नावात टाका, तुमचा अंदाज नाही. अंदाज नावात घातला की पुढे तो अंदाज आहे हे आपणच विसरतो.

नवखा_सुरा

एक बाळबोध प्रश्न. माझ्या चाकूवर फक्त 'सोलिंगेन' आहे. ही कंपनी किती जुनी?

चिकटपट्टी

खूप जुनी. तिला नगरपालिका पण आहे.

मेघवर्षा

चिकटपट्टी, गप. @नवखा_सुरा, सोलिंगेन हे जर्मनीतलं गाव, तिथे असंख्य कारखाने होते. गावाचं नाव हे दर्जाचं चिन्ह झालं, पुढे १९३८ मध्ये जर्मनीत ते नाव कायद्याने राखून ठेवलं. कारखानदार शोधायचा तर चित्र बघा, बहुतेकांचं काही ना काही चित्र असायचं. हेंकेल्सची जुळी माणसं १७३१ पासूनची. चित्र नसेलच तर डी.आर.जी.एम. वगैरे अक्षरं आहेत का बघा. आणि तिथे चाकू-तलवारींचं मोठं संग्रहालय आहे, क्लिंगेनम्युझियम, त्यांच्या प्रकाशनांवर लक्ष ठेवा. सोलिंगेनचं बरंचसं चांगलं साहित्य जर्मन भाषेत आहे, पण मार्कांची पानं बघायला भाषा लागत नाही.

फ्रेंच चाकू असतील तर तिएर गावात असंच संग्रहालय आहे. ओपिनेलसारख्या साध्या चाकूत तर एक भाग बघूनही काळ कळतो, पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ ला आली. कडी मूळची नाहीच, म्हणजे त्या आधीचा किंवा अगदी छोट्या मापाचा.

सुमंत

शेफिल्डला पण केलहॅम आयलंड संग्रहालयात हॉली संग्रह आहे. हत्यारं, कटलरी, कॅटलॉग, सगळं. अर्धवट झालेले चाकू पण आहेत, म्हणजे पातं घडवण्यापासून घासून चमकवण्यापर्यंतचे टप्पे. एक पातं किती हातांतून जायचं ते कळलं की ठशावर विसंबणं आपोआप कमी होतं. नाव एका कारखान्याचं, पातं घडवलं एकाने, धार लावली दुसऱ्याने भाड्याच्या चाकावर बसून, मूठ बसवली तिसऱ्याने.

निळीशाई

आता मूळ प्रश्नावर परत येते, कारण बजेट तेच आहे :) समजा शेफिल्डवरच राहायचं ठरवलं, अमेरिकन दोन चाकू तात्पुरते बाजूला. मग ट्वीडेल, स्मिथचं पुनर्मुद्रण, दाराला चिकटवायचा कागद, आणि वही. प्राइस गाइड नाही. गॉइन्स नंतर. बरोबर?

पातेपुराण

बरोबर. क्रम मात्र उलटा करा. आधी कागद आणि वही, त्याला काही लागत नाही. मग ट्वीडेल. स्मिथ तुमच्या कामाला तेव्हाच येईल जेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे चाकू हाती लागतील, तुमचा रॉजर्स त्याच्या बराच नंतरचा आहे. आत्ता त्या पैशात शतकाच्या शेवटाचा एखादा कॅटलॉग बघा. आणि लिलावाच्या जुन्या याद्या मिळाल्या तर सोडू नका, चांगल्या फोटोंच्या असतील तर. वर्णनं जपून वाचा, ती विकण्यासाठी लिहिलेली असतात.

रानवारा

मी गॉइन्स आधी घेईन. शेफिल्डवर राहायचं ठरवलं तरी चाकू काही विचारून येत नाहीत, उद्या जर्मन ठसा आला की काय करणार?

मेघवर्षा

उद्या जर्मन ठसा आला की इथे फोटो टाकणार. आपण कशाला आहोत मग.

निळीशाई

ठरलं, ट्वीडेल आधी. अमेरिकन दोघांचे फोटो टाकू का इथेच? एकावर पहिली अक्षरं गेलीत, शेवटी '...डन, एन.वाय.' एवढं दिसतंय.

सुमंत

वॉल्डन, न्यूयॉर्क असणार. तिथे एकापेक्षा जास्त चाकू कारखाने होते, त्यामुळे गावावरून कंपनी ठरवू नका. वेगळा धागा काढा, हा फार लांबलाय. दोन्ही बाजू, सगळी पाती उघडी, उजेड आडवा.